फेक ॲश: रेघा हव्यात, पण शेल्फवर नकोत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्याकडे कोन ६ पर्यंत, म्हणजे ढोबळमानाने १२२० अंश सेल्सियसपर्यंत, जाणारी छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे. फेक ॲश, म्हणजे खरी राख न घालता राखेसारखे ओघळ आणि रेघा देणारं ग्लेझ (भांड्यावरचा काचेचा थर). त्याची एक अमेरिकन रेसिपी तुम्ही घेतलीत. तिच्यातली रेडआर्ट माती इथे मिळत नाही म्हणून कुंभाराकडची लाल माती घातलीत आणि बोरॉनसाठी असलेल्या गर्स्ट्ली बोरेटच्या जागी बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. पहिल्या भाजणीत वाट्या सपाट तपकिरी निघाल्या, एकही रेघ नाही. दुसऱ्या वेळी जाड थर दिलात तर एक वाटी भट्टीतल्या शेल्फला चिकटून बसली. शिवाय बादलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे खडे दिसतायत. चुकलं कुठे, आणि उरलेली वाटी वाचेल का?

खड्यांपासून सुरुवात करू, कारण निम्मं उत्तर त्यांच्यातच आहे. टाकणखार पाण्यात विरघळतो. तुम्ही तो ग्लेझच्या बादलीत घातलात, तो पाण्यात गेला. बिस्क केलेली, म्हणजे ग्लेझ देण्याआधी एकदा भाजलेली, वाटी बुडवल्यावर ते पाणी भांड्याच्या अंगात मुरलं आणि जाताना टाकणखारही घेऊन गेलं. वर राहिली ती माती आणि चुना, टाकणखारातलं, वितळायला मदत करणारं बोरॉन जवळजवळ नाहीच. म्हणून पहिल्या वाट्या सपाट. मग बादली काही दिवस उभी राहिली, पाणी थोडं आटलं, टाकणखाराचे खडे तळाला बसले. दुसऱ्या वेळी तुम्ही चांगलं ढवळून जाड थर दिलात, तेव्हा तेच खडे एकगठ्ठा वाटीवर आले असणार. एकाच बादलीतून दोन वेगळी ग्लेझेस निघाली, इतकं साधं आहे ते. ती बादली प्रयोगासाठी बाजूला ठेवा, तिच्यात सुधारणा करत बसू नका.

बोरॉन हवं असेल तर फ्रिटमधून घ्या. फ्रिट म्हणजे आधीच वितळवून, काच करून, दळलेला माल; त्यातलं बोरॉन पाण्यात उतरत नाही. सिरॅमिकचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे ‘बोरॉन फ्रिट’ म्हणून मागा, पण त्याचं रासायनिक विश्लेषण कागदावर घ्या. ते देत नसतील तर दुसरा दुकानदार बघा. गर्स्ट्ली बोरेट हे कॅलिफोर्नियातल्या एका खाणीतलं खनिज होतं आणि रेडआर्ट ओहायोतली माती. या दोन नावांभोवती तिकडच्या शेकडो रेसिपी बेतलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा उचलून उपयोग नाही, त्यांच्यामागचा हिशोब उचलावा लागतो.

तो हिशोब असा. चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, एकटा वितळायला सुमारे २६०० अंश सेल्सियस लागतात. सिलिकाला १७०० च्या पुढे, ॲल्युमिनाला २०५० च्या आसपास. पण वजनाने सुमारे ६२ भाग सिलिका, १५ भाग ॲल्युमिना आणि २३ भाग चुना एकत्र आले की तिघं मिळून ११७० अंशांनाच वितळतात. राखेच्या ग्लेझचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो, मातीत सिलिका आणि ॲल्युमिना असतात. दोन्ही एकमेकांना वितळवतात. फेक ॲश म्हणजे राख न वापरता तेच गणित कॅल्शियम कार्बोनेट, डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं खनिज), बोन ॲश (हाडांची राख) आणि माती यांनी जमवायचं, आणि मग मुद्दाम चुन्याच्या बाजूला थोडं जास्त झुकवायचं.

झुकवायचं का? ॲल्युमिना म्हणजे वितळलेल्या काचेचा दाटपणा. पिठल्यात बेसन कमी पडलं की ते ताटात पळतं, तसंच ॲल्युमिना कमी आणि चुना जास्त असला की ग्लेझ पातळ होतं आणि भांड्यावरून खाली ओघळतं. ओघळताना ते एकसारखं पसरत नाही, कारण आतमध्ये दोन प्रकारची काच तयार होऊ पाहत असते. बोन ॲशमधून आलेलं फॉस्फरस त्याला हातभार लावतं. कढीवर फोडणीचं तेल मिसळत नाही, ठिपके धरून राहतं, तसं एका काचेत दुसरी काच वेगळी राहते. भांड्याला उतार मिळाला की ते ठिपके लांबतात, त्यांचे ओघळ होतात आणि मधल्या जागेत रंग फिका पडतो. आपण ज्याला रेघा म्हणतो त्या याच.

आता पुन्हा तुमच्या वाटीकडे बघा. पसरट वाटी, आतून ग्लेझ दिलेलं. उतार कुठे आहे? आतल्या बाजूने जे ओघळेल ते तळाशी साठून काचेचं डबकं होईल. छान दिसेलही, पण रेघा दिसणार नाहीत. फेक ॲशला उभं अंग लागतं. उंच भरणी, बाटली, उभ्या भिंतीचा मग, खांदा असलेला घट. जपानमध्ये शिगाराकी आणि इगाच्या जुन्या भरण्या बघितल्यात तर राख पडली ती खांद्यावर, आगीकडे तोंड केलेल्या बाजूला, आणि तिथून खाली धावली. अनेक दिवस चालणाऱ्या लाकडाच्या भट्टीत उडालेली राख भांड्यावर बसून आपोआप काच व्हायची. ओघळाच्या टोकाला जो हिरवट काचेचा थेंब लटकतो त्याला तिथे ‘बिदोरो’ म्हणतात. काच या अर्थाचा पोर्तुगीज शब्द ‘विद्रो’ तिकडे जाऊन असा झाला. आपण नक्कल करतोय ती त्या खांद्याची आणि त्या उताराची. म्हणून चाकावर बसतानाच ठरवायचं की या भांड्यावर फेक ॲश जाणार आहे. नंतर शेल्फवर रिकामं दिसलेलं कुठलंही भांडं उचलून त्यावर हे ग्लेझ ओतलं की निराशा ठरलेली.

अंगावर काहीतरी खडबडीत काम हवं. कंगव्याने ओढलेल्या उभ्या रेषा, चाकूने कापलेले पैलू, ट्रिमिंग करताना पात्याने आपोआप पडणारे बारके खाच. कडांवरून ग्लेझ सरकतं आणि पातळ होतं, खाचेत साठतं आणि गडद होतं. गुळगुळीत भांड्यावर तेच ग्लेझ पन्नास टक्केसुद्धा बोलत नाही. आडवा एखादा उंचवटा, चुडीसारखं कडं, भांड्याच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवलं तर दोन कामं होतात: ओघळ तिथे थबकतो, दिसायला सुंदर थेंब तयार होतो, आणि शेल्फही वाचतं. हे कडं मी भांड्याचं बूड सोडून साधारण तीन सेंटिमीटर वर ठेवते.

थर किती द्यायचा हे सांगायला लोक कचरतात, कारण प्रत्येकाचं ग्लेझ वेगळं. पण काहीतरी आकडा हाताशी असावा. मी १०० मिलिलिटरच्या मापात ग्लेझ भरून वजन करते. १४५ ते १५० ग्रॅम आलं की बुडवण्याजोगं झालं. वरच्या एक तृतीयांश भागाला दोनदा बुडवते, म्हणजे तिथे सुमारे दीड मिलिमीटर थर होतो. मधल्या भागाला एकदाच. खालचे दोन-तीन सेंटिमीटर पूर्ण कोरे, ओल्या स्पंजने पुसून साफ. सुई टोचून जाडी बघता येते, आणि पहिले सहा महिने प्रत्येक भांड्याला टोचून बघाच. तुम्ही दुसऱ्यांदा संपूर्ण वाटीला सारखाच जाड थर दिलात. तळापर्यंत जाड म्हणजे सगळ्या ओघळाला एकच दिशा उरते, शेल्फची.

आता कुंभाराच्या मातीबद्दल, कारण इथे आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात माती बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, झिजण्यातून आलेली आहे. या दगडात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका, दहा टक्क्यांच्या आसपास चुना आणि दहा टक्क्यांहून जास्त लोह असतं. त्यामुळे आपली माती लोहाने श्रीमंत आहे, आणि फेक ॲशला ते मानवतं: ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे भट्टीत भरपूर हवा असताना, मधाच्या, गुळाच्या रंगाकडे जातं. पण या मातीत फुगणारा चिकण भाग बराच असतो. ओली असताना फुगते, वाळताना आकसते, भेगाळलेलं काळं रान सगळ्यांनी पाहिलंय. ग्लेझमध्ये अशी कच्ची माती चाळीस टक्के गेली की वाळतानाच थराला भेगा पडतात, आणि भाजताना त्या भेगांतून ग्लेझ मागे सरून गोळे धरतं. माझ्या सुरुवातीच्या दोन वर्षांत मी याला ‘राखेचा परिणाम’ समजून खूश होत होते. तो परिणाम नव्हता, तो दोष होता.

उपाय सोपा आहे. मातीचा निम्मा भाग वाळवून, कुटून, बिस्क भाजणीच्या वेळी एखाद्या उघड्या बोळक्यात घालून भाजून घ्या. ८०० अंशांच्या आसपास पुरे. भाजलेली माती आकसत नाही. उरलेला निम्मा कच्चा ठेवा, कारण कच्ची मातीच बाकीचा माल पाण्यात तरंगत ठेवते. सगळीच भाजलीत तर बादलीच्या तळाला सिमेंट मिळेल. भाजल्यावर मातीचं वजन घटतं, त्यामुळे वजन भाजल्यानंतर करताना थोडी कमी घ्या; दहा टक्क्यांनी कमी ही सुरुवात ठीक. आणि ८० नंबरच्या चाळणीतून गाळाच, कारण या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भांड्याच्या मातीत ते राहिले तर नंतर फुटून टवके उडवतात; ग्लेझमध्ये मात्र तो चुनाच आहे, दळला गेला तर उपयोगी.

सुरुवात करायला माझं कोन ६ चं, ऑक्सिडेशनचं मिश्रण घ्या, वजनाने: लाल माती ४० (निम्मी भाजलेली), व्हाइटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट २२, डोलोमाइट १०, कॅल्शियम असलेलं बोरॉन फ्रिट १८, बोन ॲश ५, क्वार्ट्झ ५. एकूण १००. याच्यावर २ ते ३ रुटाईल (टायटॅनियमचं खनिज) घातलंत तर रेघांमध्ये फिकट दुधी, कधी निळसर झाक येते. लाल माती कमी लोहाची निघाली तर १ ते २ रेड आयर्न ऑक्साइड. कोन १० ला, गॅसच्या भट्टीत, फ्रिटची गरज नाही: लाल माती ४५, व्हाइटिंग २७, डोलोमाइट १३, बॉल क्ले (बारीक, चिकट माती) १०, बोन ॲश ५. रिडक्शनमध्ये, म्हणजे भट्टीत हवा कमी ठेवून भाजताना, लोह स्वतःच वितळायला मदत करतं, त्यामुळे हेच मिश्रण तिथे जास्त धावतं आणि रंग हिरवट होतो. एका भट्टीत जमलेला थर दुसरीत नेताना एवढं ध्यानात असू द्या.

तुमची माती माझी माती नाही, म्हणून ही मिश्रणं थेट वाट्यांवर घालू नका. पाच चाचण्या करा. माती ३०, ३५, ४०, ४५, ५०, आणि मातीत जेवढी वाढ तेवढी व्हाइटिंगमध्ये घट. बाकी काही हलवायचं नाही. चाचणीचे तुकडे आडवे ठेवून भाजलेत तर काहीच कळणार नाही. दहा-बारा सेंटिमीटर उंच, उभे राहणारे तुकडे करा, निम्म्या अंगावर कंगवा ओढा, वर जाड आणि खाली पातळ थर द्या. प्रत्येकाखाली मातीची चकती ठेवा. पाचही बाहेर आले की डोळ्यांना दिसतं: एका टोकाला सपाट आणि आखडलेलं, दुसऱ्या टोकाला चकतीवर तळं साचलेलं. तुमचं ग्लेझ त्यांच्या मधे कुठेतरी असतं, आणि बहुतेक वेळा ते तळं साचलेल्याच्या एक पायरी अलीकडे.

भाजणीत दोनच गोष्टी पाहा. एक, कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका, शेल्फवर साक्षीला कोन ठेवा, म्हणजे ठराविक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका. कोन ६ म्हणजे ढोबळमानाने १२२० अंश, पण भट्टी किती वेगाने चढली त्यावर तो आकडा सरकतो, आणि या ग्लेझला अर्ध्या कोनाचा फरकही जाणवतो. वर पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. तितका वेळ ग्लेझला वाहायला पुरतो. अर्धा तास थांबलात तर भांडं चिकटलं म्हणून मला सांगू नका. दोन, थंड करणं. चुना जास्त असलेलं ग्लेझ ११०० ते १००० अंशांच्या दरम्यान रेंगाळलं की त्यात बारीक स्फटिक धरतात आणि चकाकी जाऊन मोहरीसारखा पिवळट, मखमली पोत येतो. तुमची भट्टी छोटी आहे, ती बंद केल्यावर भरभर उतरते, म्हणजे तुम्हाला चकचकीत रेघा मिळतील. मखमली हवं असेल तर त्या टप्प्यात तासाला ५०–६० अंश इतकं हळू उतरवा. मला स्वतःला चकचकीतपेक्षा हेच जास्त आवडतं, पण ग्राहक चकचकीत उचलतात.

शेल्फला ॲल्युमिना आणि चायना क्ले सम प्रमाणात पाण्यात कालवून दोन हात द्या. भांड्याखाली बिस्क केलेली चकती, तिलाही तोच लेप. माझी तीन शेल्फं या ग्लेझने खाल्ली. एकदा तर थेंब वरच्या शेल्फच्या कडेवरून खालच्या एका मैत्रिणीच्या भांड्यात उतरला. तिने ते अजून ठेवलंय आणि प्रत्येक भेटीत दाखवते. सांडलेलं काढताना ग्राइंडर लावावा लागला तर डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क हवाच. हाताने खरवडू नका, त्या कडा ब्लेडसारख्या असतात. कोरडा माल तोलताना आणि चाळतानाही मास्क. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वाट्या आहेत म्हणून सांगायला हवं. या ग्लेझमध्ये सिलिका कमी आहे. त्याची काच आम्लापुढे कच्ची असते. लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवा आणि सकाळी धुऊन बघा. त्या जागी चकाकी गेली, रंग फिका पडला, तर ते ग्लेझ अन्नाला लावायचं नाही. आपल्या घरात वाटीत काय जातं? ताक, सोलकढी, आमटीतलं आमसूल, कोशिंबिरीतलं लिंबू. आणि भरणी म्हटलं की लोक लोणचंच घालतात, तुम्ही ‘शोभेची’ म्हणून विकलीत तरी. म्हणून आतून वेगळं, स्थिर, पूर्ण वितळणारं साधं ग्लेझ द्या आणि फेक ॲश फक्त बाहेरून, तेही ओठ जिथे टेकतो त्याच्या खाली. हिरवा रंग हवा म्हणून कॉपर कार्बोनेट घालायची इच्छा होईल. या ग्लेझमध्ये तांबं आम्लाबरोबर सहज बाहेर येतं, तेव्हा जेवणाच्या भांड्याच्या बाहेरही ते नकोच.

एक पळवाट मला फार आवडते: खाली गडद, लोहाचं, स्थिर ग्लेझ पातळ द्यायचं आणि वरच्या कडेला फेक ॲशची दोन-तीन बोटांची पट्टी. पट्टी वितळून खालच्या ग्लेझमध्ये उतरते, त्याला सोबत ओढते, आणि सगळं भांडं फेक ॲशचं वाटतं. प्रत्यक्षात धावणारं ग्लेझ थोडंच असतं, त्यामुळे शेल्फ सुखरूप. नवशिक्याने इथूनच सुरू करावं असं माझं मत आहे.

खरी राखच का वापरू नये, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. वापरा की. पण राख म्हणजे एक वस्तू नाही. इंग्लंडमध्ये कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी यांनी कोल्सहिलला आपल्या घराण्याच्या इस्टेटीतल्या वेगवेगळ्या झाडाझुडपांच्या राखा वर्षानुवर्षं तपासल्या, आणि प्रत्येकीतून वेगळं ग्लेझ निघालं. आपल्याकडे भाताच्या तुसाची राख मुबलक मिळते, पण ती जवळजवळ सगळी सिलिका आहे. तिच्यात धावणारी रेघ शोधू नका, ती ग्लेझ घट्ट आणि दुधी करते. गुऱ्हाळावरची चिपाडाची राख मी हौसेने पोतंभर आणली होती, तिच्यातही सिलिकाच जास्त. चुलीतली सरपणाची राख बरी, पण बाभूळ, आंबा, गोवऱ्या सगळं मिसळलेलं असतं, आणि ही चूल संपली की ती राख पुन्हा मिळत नाही. शिवाय राखेचं पाणी खारट, हात सोलणारं, हातमोजे लागतात. दुकानासाठी पन्नास मग सारखे करायचे असतील तर फेक ॲश, स्वतःसाठी एक भरणी करायची असेल तर खरी राख.

बादलीबद्दल एवढंच राहिलं: व्हाइटिंग आणि बोन ॲश तळाला घट्ट बसतात. चिमूटभर एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळवून घातलं की ग्लेझ किंचित दाट होतं आणि बसत नाही. प्रत्येक दोन-तीन भांड्यांनंतर तळापासून ढवळा.

आणि तुमच्या वाट्या. चिकटलेली सोडून द्या, ती काढताना शेल्फ तुटेल. शेल्फ महाग आहे. सपाट तपकिरी वाटी मात्र वाचते. ती ओव्हनमध्ये किंवा भट्टीत शंभरेक अंशांपर्यंत गरम करा, नव्या ग्लेझमध्ये थोडा सीएमसी डिंक (ग्लेझ अंगाला धरून ठेवणारा) घाला आणि ब्रशने फक्त बाहेरून, कडेखाली एक सेंटिमीटर सोडून, वरच्या अर्ध्या भागावर दोन थर द्या. गरम अंगावर ग्लेझ लगेच वाळतं, नाहीतर भाजलेल्या काचेवरून ते ओघळून जातं. खालचं अर्धं अंग तसंच राहू द्या, बुडाखाली लेप दिलेली चकती ठेवा. आत काही लावू नका. आत आधीचंच टाकणखाराचं ग्लेझ आहे, तेव्हा ती वाटी चाव्या आणि सुट्टे पैसे ठेवायला.